मांडीवरचा जीव



मागच्या गुरुवारी आमच्या स्वाध्यायात ग्रंथ मिटल्यावर नेहमीप्रमाणे गप्पा सुरू झाल्या. कुणीतरी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एका बाईंनी आपल्या छोट्या कुत्र्याचा वाढदिवस केला होता. कुत्र्याच्या अंगात जरीचं जाकीट, डोक्यावर टोपी, समोर केक, आणि बाई लाडानं त्याला म्हणत होत्या, "बाळा, फुंकर मार." आम्ही सगळ्या हसलो. मी जरा जास्तच हसले आणि वर म्हणाले, "नातवंडं नाहीत वाटतं यांना!"

हसू ओसरलं तेव्हा लक्षात आलं, आमच्यातल्या एक वहिनी पिशवी उचलून निघालेल्या होत्या. त्यांच्याकडे पांढरं पॉमेरियन आहे. यजमान जाऊन सात वर्षं झाली, मुलगा परदेशी. घरात त्या आणि तो, दोघंच. नातवंडं नाहीत.

या गुरुवारी त्या आल्या नाहीत.

आठवडाभर हे मनातून जात नाही. ग्रंथ मिटून पाच मिनिटं झाली नव्हती आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. मग मी स्वतःलाच विचारलं, छोट्या कुत्र्याचे लाड करणाऱ्या बाईला हसायचं असतं हे मला शिकवलं कुणी? आमच्या आईकडे गल्लीतल्या कुत्र्याला पहिली भाकरी असायची, त्याला कुणी हसत नसे. उत्तर मिळालं ते माझ्या पुस्तकांच्या कपाटात. हे हसणं बरंचसं गोष्टींतून आलेलं आहे. गोष्टीत श्रीमंत, आळशी बाई दाखवायची असली की लेखक तिला सोफ्यावर बसवतो आणि तिच्या मांडीवर एक गुबगुबीत कुत्रं ठेवतो. इंग्रजीत या कुत्र्यांचं नावच 'मांडीवरचं कुत्रं' असं आहे. आपल्याकडे पुलंच्या 'पाळीव प्राणी'नं आपण पोट धरून हसलो. हसण्यात वाईट काही नाही. पण या आठवड्यात मी अशा चार-पाच गोष्टी पुन्हा काढून वाचल्या आणि मला त्या पहिल्यापेक्षा वेगळ्या दिसल्या. ते तुम्हाला सांगावंसं वाटलं.

पहिली बाई घेऊ ती खरोखरच हसण्यासारखी. जेन ऑस्टिन या इंग्रज लेखिकेची 'मॅन्सफील्ड पार्क' ही कादंबरी १८१४ साली आली. त्यात लेडी बर्ट्रम नावाची बाई आहे. नवऱ्याची मोठी हवेली, घरात नोकरचाकर, चार मुलं, आणि हिचा सगळा दिवस सोफ्यावर. हातात कसलंतरी भरतकाम, ज्याचा ना उपयोग ना शोभा. मुलांपेक्षा हिला कुत्र्याची काळजी जास्त. कुत्र्याला धड नावही नाही, जातीनं पग म्हणून हाकही 'पग'. याच घरात तिच्या गरीब बहिणीची मुलगी फॅनी लहानपणापासून आश्रित म्हणून राहते. एका कडक उन्हाच्या दिवशी फॅनीला बागेत गुलाब कापायला उभं करतात, मग ते पोचवायला दोनदा दुसऱ्या मावशीच्या घरी चालत पाठवतात. संध्याकाळी पोरीचं डोकं फुटायला येतं. आणि लेडी बर्ट्रम काय सांगते? ती स्वतः सावलीत बसून होती, पण पगला फुलांच्या वाफ्यात जाऊ नको म्हणून हाका मारता मारता तिला अगदी थकून गेल्यासारखं झालं!

पुढे फॅनीला एक श्रीमंत स्थळ सांगून येतं, तेव्हा ही मावशी इतकी खूश होते की पगला पुन्हा पिल्लं झाली की त्यातलं एक फॅनीला देण्याचं कबूल करते. पोटच्या मुलीच्या लग्नातही तिनं एवढं केलं नव्हतं. वाचताना हसू येतं, पण ऑस्टिननं त्या कुत्र्याला कुठेही वाईट म्हटलेलं नाही. तिचं बोट फॅनीच्या डोकेदुखीकडे आहे. मांडीवर जागा एकाच जिवाला आहे, आणि त्या मांडीपासून दोन हातांवर एक पोर उन्हात उभी आहे. या घराचा पैसा येतो तो वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावरच्या मालमत्तेतून, जिथे त्या काळी गुलाम राबत. फॅनी एकदा काकांना गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते आणि खोलीत सगळे गप्प होतात.

मी कॉमर्सची. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं की प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात, एक नावे आणि एक जमा. लाडाचंही तसंच आहे. लाड दिसतो एका खात्यात, आणि खर्च पडलेला असतो दुसऱ्याच कुणाच्या नावे. लेडी बर्ट्रमला हसायचं असेल तर या दुसऱ्या खात्यासाठी हसावं. पगसाठी हसण्यासारखं काही नाही.

दुसरी बाई हिशेबाचीच आहे. चार्ल्स डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधली डोरा. हे पुस्तक १८५० सालचं. डोराचा एक छोटासा कुत्रा आहे, जिप. रोज बारा वाजता त्याला मटण मिळालंच पाहिजे, नाहीतर तो मरेल, असं ती लग्नाआधीच होणाऱ्या नवऱ्याला बजावते. (आपण ते जेवण सोडून देऊ, गोष्ट इंग्लंडातली आहे.) नवरा तिला स्वयंपाकाचं पुस्तक आणून देतो, तर त्या पुस्तकावर जिपला न हलता उभं राहायला शिकवण्यात ती रमते. तो तिला घरखर्चाची वही देतो. ती बिचारी जीव लावून दोन-तीन रकमा लिहिते, एवढ्यात जिप शेपटी हलवत वहीवरून चालत जातो आणि ओली शाई फासून टाकतो. बेरीज तर कधीच जुळत नाही.

तरुणपणी हे वाचताना मी खो खो हसले होते. माझी वही कशी, पैशाला पैसा जुळणारी! आता वाचताना दुसरंच दिसलं. या मुलीला आई नाही. हिशेब शिकवायचा कुणी? बाप वकिली पेशातला, रुबाबात राहणारा, दुसऱ्यांना मृत्युपत्राचं महत्त्व सांगणारा. तो अचानक जातो तेव्हा कळतं की त्यानं स्वतःचं मृत्युपत्र केलेलंच नाही आणि त्याचे सगळे व्यवहार गोंधळात आहेत. देणी भागल्यावर मुलीसाठी फारसं काही उरत नाही. म्हणजे घरातला खरा बेहिशेबी माणूस तो. पण जग हसतं कुणाला? वहीवर कुत्रा नाचू देणाऱ्या डोराला.

डोराला लहान मुलीसारखं ठेवलं आणि मग ती मोठी का होत नाही म्हणून तिच्याकडे डोळे वटारले. त्या घरात तिला न शिकवता, न सुधारता, आहे तशी आवडून घेणारा जीव एकच होता, जिप. ती आजारी पडते तेव्हा तोही म्हातारा झालेला असतो. वर खोलीत ती शेवटचा श्वास घेत असते आणि खाली डेव्हिडच्या पायाशी जिप अंग ताणून पडतो आणि प्राण सोडतो. डिकन्स रडवायचं ठरवून रडवतो हे मला माहीत आहे, तरी मी रडले.

तिसरी गोष्ट अनेकांनी वाचली असेल. चेखव्हची 'कुत्रं बाळगणारी बाई', १८९९ सालची. त्या काळच्या रशियात समुद्राकाठी याल्टा नावाचं हवा पालटायला जायचं गाव होतं. तिथे एक तरुण बाई एकटीच फिरताना दिसते, मागे पांढरं पॉमेरियन. तिचं नाव कुणालाच ठाऊक नाही. सगळे तिला 'ती कुत्रंवाली' एवढंच म्हणतात. गुरोव्ह नावाचा एक लग्न झालेला माणूस ओळख काढायची म्हणून आधी कुत्र्याला बोलावतो, ते गुरगुरतं, बाई लाजून सांगते की चावत नाही. पुढे जे होतं ते संसाराच्या नियमात बसणारं नाही आणि मी त्याची भलामण करत नाही. माझं लक्ष गेलं ते दुसऱ्याच गोष्टीकडे. ती बाई आहे कोण, तिला काय दुखतंय, हे त्या सबंध गावात कुणी विचारलेलं नाही. तिच्या नवऱ्याबद्दल तिला आदर उरलेला नाही, आयुष्य असंच सरणार या भीतीनं ती तिथे आली आहे. लोकांना तिच्यातलं दिसलं काय, तर कुत्रं.

मैत्रिणींनो, खरं सांगा. आपल्या सोसायटीत आपण काय म्हणतो? "ती पॉमवाली." मी स्वतः म्हटलेलं आहे.

इथे मला 'हम आपके हैं कौन'मधला टफी आठवला. १९९४ साली आपण सगळ्यांनी तो सिनेमा पाहिला, काहींनी चार-चारदा. त्यातही पांढरं, केसाळ कुत्रं आहे, त्याचेही लाड आहेत, क्रिकेटच्या सामन्यात तो चक्क पंच होतो, आणि शेवटी निशाची चिठ्ठी नेमकी योग्य माणसाच्या हाती पडते ती त्याच्यामुळे. टफीला किंवा त्याचे लाड करणाऱ्यांना कुणी हसलं का? उलट आपण डोळे पुसले. कारण ते भरलेलं घर होतं. दीर-भावजय, बाळ, हार, मिठाई. भरल्या घरातलं कुत्रं म्हणजे घराची शोभा, आणि तेच कुत्रं एकट्या बाईच्या मांडीवर दिसलं की विनोद. मग आपण हसतो ते कुत्र्याला नाही आणि लाडालाही नाही. आपण बाईच्या एकटेपणाला हसतो. हे कळल्यावर मला माझं ते नातवंडांचं वाक्य पुन्हा आठवलं आणि मान खाली गेली.

आता मालकिणीवरून नजर काढून त्या कुत्र्याला फिरवायला नेणाऱ्या बाईकडे पाहू. पेकिनीज नावाची एक छोटी, चपट्या तोंडाची, लांब केसांची जात आहे. ही चीनच्या राजवाड्यातली कुत्री. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा बादशहाचा उन्हाळी वाडा लुटला, तेव्हा त्यातली काही इंग्लंडला नेली. एक राणी व्हिक्टोरियाला भेट मिळाली, आणि तिचं नाव काय ठेवलं असेल? 'लूटी'. लुटीतली म्हणून लूटी! पुढे ही जात बड्या घरच्या बायकांत फार मिरवली.

अगाथा ख्रिस्तीच्या 'द लेबर्स ऑफ हर्क्युलिस' या १९४७ सालच्या पुस्तकात पहिलीच गोष्ट या कुत्र्यांची आहे. लंडनमधल्या श्रीमंत बायकांची पेकिनीज कुत्री पळवली जातात, खंडणी मागितली जाते, आणि बायका गुपचूप पैसे भरतात. एका कुत्र्यासाठी दोनशे पौंड, दुसऱ्यासाठी तीनशे. हर्क्युल पॉइरो शोध घेतो तेव्हा चोर निघते कोण? त्याच घरात पगारावर ठेवलेली सोबतीण, मिस कार्नबी. तिच्यासारख्या अनेक जणी यात सामील आहेत. या बायका लग्न न झालेल्या, वय होत आलेल्या, शिक्षण बेताचं. श्रीमंत बाईची लोकर गुंडाळायची, पत्रं लिहायची, बोलणी खायची आणि कुत्र्याला बागेत फिरवायचं. उद्या हातपाय थकले की काढून टाकणार. पेन्शन नाही, फंड नाही. म्हणून त्यांनी खंडणीच्या पैशातून आपल्यातल्या म्हाताऱ्यांसाठी निधी उभा केला होता.

चोरी ती चोरीच. अचौर्याचं व्रत मानणाऱ्या घरात मी तिला बरोबर म्हणू शकत नाही, पॉइरोनंही म्हटलं नाही. पण त्यानं तिला पोलिसांच्या हाती दिलं नाही, आणि मला वाटतं त्यामागे तेच नावे-जमा होतं. कुत्रं हरवलं तर दोनशे पौंड निघतात, ते कुत्रं फिरवणारी बाई हरवली तर दुसरी ठेवतात.

आणि ही गोष्ट लंडनचीच आहे असं समजू नका. आपल्यापैकी काहींच्या घरी आता छोटी कुत्री आहेत. सुना, नातवंडं आणतात, हौसेनं आणतात. कुत्रं सोफ्यावर बसतं, गादीवर झोपतं, त्याच्यासाठी एसी सुरू असतो. त्याच घरात काम करणाऱ्या मावशी जमिनीवर बसतात आणि त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो. कुत्र्याची जीभ लागलेली ताटली आपण घासून वापरतो, पण मावशींचा कप पालथा घालून खिडकीत ठेवतो. मी हे दुसऱ्यांना सांगत नाही, माझ्या घरात परवापर्यंत तो कप होता.

मग छोट्या जिवावर एवढा जीव लावणं चूकच का? नाही. याचं उत्तर मला एका वेगळ्याच पुस्तकात सापडलं. व्हर्जिनिया वूल्फनं १९३३ साली 'फ्लश' नावाचं पुस्तक लिहिलं. एलिझाबेथ बॅरेट या खऱ्या कवयित्रीच्या खऱ्या कुत्र्याचं हे चरित्र, कल्पनेनं रंगवलेलं. एलिझाबेथ आजारी, वर्षानुवर्षं लंडनमधल्या एका अंधाऱ्या खोलीत पडून. वडील इतके कडक की मुलांनी लग्न करायचंच नाही. तिच्या पायाशी हा कुत्रा. एक दिवस कुत्रेचोर त्याला पळवून गरिबांच्या वस्तीत नेतात आणि खंडणी मागतात. वडील आणि भाऊ म्हणतात, द्यायची नाही. ज्याच्यावर तिचं प्रेम आहे तो रॉबर्ट ब्राउनिंगही तत्त्व सांगतो, चोरांपुढे झुकू नये. पण ही बाई, जी खोलीचा उंबरा क्वचित ओलांडत असे, ती दासीला घेऊन गाडीत बसते आणि सगळ्यांचा सल्ला मोडून त्या वस्तीत जाते. कुत्रा परत मिळतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १८४६मध्ये, ती गुपचूप लग्न करते आणि त्याच कुत्र्याला घेऊन इटलीला निघून जाते. आणखी एक गोष्ट वूल्फ सांगते. त्या वस्तीत गाडीच्या खिडकीतून दिसलेले गरिबांचे चेहरे एलिझाबेथ विसरली नाही. पुढे तिच्या मोठ्या काव्यात ते उतरले.

लेडी बर्ट्रमचं प्रेम मांडीवरच संपलं, तिला दोन हातांवरची भाची दिसली नाही. एलिझाबेथचं प्रेम मांडीवरून उठून दारात गेलं आणि रस्ता ओलांडून जिथे कुणी जात नव्हतं तिथे पोचलं. दोघींचीही कुत्री लाडाचीच होती.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे काय हे सांगताना वस्तूंची यादी दिलेली नाही, मूर्च्छा हा शब्द वापरला आहे. माझं-माझं म्हणत शुद्ध हरपणं. दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण दरवर्षी ऐकतो. सोन्याची मूर्च्छा असते, घराची असते, नातवंडांचीही असते आणि कुत्र्याचीही असू शकते. करुणा वेगळी. मूर्च्छेला 'माझा' जीव लागतो, करुणेला 'जीव' एवढंच पुरतं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दोन्हींत डोक्यावरून हात फिरतो.

मूर्च्छा आणखी पुढे गेली की काय होतं ते तुर्गेनेव्हच्या 'मुमू'त आहे. १८५४ साली छापलेली ही रशियन गोष्ट. गेरासिम नावाचा मुका-बहिरा, धिप्पाड माणूस मॉस्कोतल्या एका म्हाताऱ्या मालकिणीच्या मालकीचा आहे, घरातल्या भांड्याकुंड्यासारखा. त्याला आवडणारी धोबीण मालकीण आपल्या लहरीखातर एका दारुड्याला देऊन टाकते. त्या दोघांना गावी पोचवायला निघालेली गाडी सोडून परतताना गेरासिमला नदीच्या चिखलात बुडायला आलेलं एक पिल्लू सापडतं. तो त्याला वाढवतो. त्याला बोलता येत नाही, तोंडून जेवढा आवाज निघतो तेच तिचं नाव होतं, मुमू. एक दिवस मालकिणीला खिडकीतून ती दिसते. मर्जी खूश असते, म्हणून तिला दिवाणखान्यात आणवते, बशीत दूध ठेवायला लावते, कुरवाळायला हात पुढे करते. मुमू घाबरते आणि दात दाखवते. झालं! मर्जी फिरली. मग रात्री तिच्या भुंकण्यानं झोप मोडते, नाजूक प्रकृतीला त्रास होतो, आणि शेवटी हुकूम निघतो. गेरासिम स्वतःच्या हातांनी मुमूला खाऊ घालतो आणि त्याच हातांनी होडीतून नेऊन बुडवतो. मग मालकिणीला न विचारता पायी चालत आपल्या गावी निघून जातो.

ही मालकीण तुर्गेनेव्हच्या स्वतःच्या आईवरून घेतलेली आहे. गोष्ट मिटल्यावर मला वाटलं, मुमू मांडीवर गेली असती तर हीच बाई तिचे लाड करणारी म्हणून ओळखली गेली असती. मखमलीची गादी, बशीत दूध. तेव्हाही मुमू तिच्यासाठी जीव नसतीच, करमणूक असती. म्हणून कोण किती लाड करतं याला मी आता भुलत नाही. कुत्र्यानं दात दाखवले, आजारी पडलं, म्हातारं होऊन गादी ओली करायला लागलं, की तेव्हा घरात काय होतं ते पाहावं.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला पाठ असतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, खाणंपिणं तोडणं. लहानपणी वाटायचं हे बैलगाडीवाल्यांसाठी आहे. आता वाटतं, फ्लॅटमधल्या कुत्र्यालाही यातलं एकेक लागू आहे. दिवसभर बाल्कनीत साखळीला, हा बंध. शोभेसाठी शेपटी नाहीतर कान कापून घेतात, हा छेद. आणि चपटं तोंड गोंडस दिसतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसंच पैदास करत आणलेलं पग आपल्या उन्हाळ्यात धापा टाकतं, श्वास घेताना घरघरतं. आपल्या हौसेचं ओझं त्याच्या नाकावर लादलेलं आहे, याला अतिभार म्हणू नये तर काय? दुकानातून जातिवंत पिल्लू आणण्याआधी घरातल्या मुलांना एवढं जरूर सांगा. आपल्या चौक्यात त्याचा आहार बसत नसेल तर आणूच नका. पण एकदा आणलंत तर त्याला अर्धपोटी ठेवून आपला धर्म पाळला जात नाही.

आणि जीवंधरकुमारांची कथा आठवा. क्षत्रचूडामणीत ती आहे, आपण सगळ्यांनी ऐकलेली. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून लोकांनी एका कुत्र्याला मरेपर्यंत मारलं. राजपुत्र वाटेनं चाललेला. त्याला वाचवता येईना, म्हणून त्यानं त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला. ते कुत्रं मरून सुदर्शन नावाचा यक्षेंद्र झालं आणि पुढे जीवंधरांच्या संकटात धावून आलं. जीवंधरांनी त्या कुत्र्याला पाळलं नव्हतं, त्याला नाव दिलं नव्हतं, ते त्यांचं कुणीच नव्हतं. रस्त्यावर पडलेल्या, सगळ्यांनी हाकललेल्या जिवाजवळ ते वाकले, एवढंच. आणि ज्यांनी मारलं ते यज्ञ करणारे होते, स्वतःला शुद्ध मानणारे. ही ओळ मी या आठवड्यात स्वतःसाठी अधोरेखित केली.

तर माझं मत असं. लाड करणाऱ्या बाईला हसू नये. तिच्याकडे बघून दोन प्रश्न मनात आणावेत, आणि तेही आधी स्वतःच्या घराला विचारावेत. हे प्रेम मांडीवर संपतं की पुढे जातं? आणि याचा खर्च कुणाच्या नावे पडतोय, त्या मुक्या जिवाच्या, कामवाल्या मावशींच्या, की घरातल्या एखाद्या फॅनीच्या? उत्तरं चांगली असतील तर कुत्र्याला जरीचं जाकीट घातलं काय आणि केक कापला काय, आपलं काय गेलं?

मी काल वहिनींकडे गेले. दार उघडताच तो पांढरा गोळा माझ्यावर भुंकत आला आणि त्या म्हणाल्या, "चावत नाही हो तो." मी क्षमा मागितली. त्या लगेच "असू दे हो" म्हणाल्या, पण डोळ्यांना पदर लावला. चहा घेताना कळलं की सकाळी सहाला अंथरुणातून उठायला त्यांना हाच एक कारण आहे. त्याला फिरवायला नेताना गल्लीतल्या चार भटक्या कुत्र्यांनाही त्या भाकरी नेतात. सात वर्षं नेतात. आमच्या मंडळात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी त्याचं नाव विचारलं. तेही सात वर्षांत मी पहिल्यांदाच विचारत होते.

गुरुवारी स्वाध्यायाला येईन असं त्या नक्की म्हणाल्या नाहीत, बघते म्हणाल्या. चार वाजता मी त्यांना न्यायला जाणार आहे. आणि माझ्या खिडकीतला तो वेगळा कप मी काढला आहे. मावशींनी परवा आमच्यातल्याच कपात चहा घेतला, जरा अवघडून.

जय जिनेंद्र.